कावीळ, लस आणि 'प्रयोग' या शब्दाची भीती

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं शब्दांकन)



गणेशोत्सवात डॉक्टरला व्याख्यानाला बोलावलं की श्रोत्यांच्या मनात दोन शंका येतात. एक, हा आता मोदक बंद करायला सांगणार. दोन, हा अर्धं भाषण इंग्रजीत करणार. पहिली शंका काढून टाका, मोदकांशी माझं वैर नाही. दुसरीच्या बाबतीत मी प्रयत्न करतो. काही शब्द इंग्रजी येतीलच, पण प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही.

आजचा विषय तीन गोष्टींचा आहे. कावीळ, लहान मुलांच्या लसी, आणि औषध किंवा लस खरी की खोटी हे ठरवणाऱ्या चाचण्या. गेली पंचवीसएक वर्षं मी या शहरात यकृताचे रुग्ण तपासतो आहे, आणि त्यातली बरीच वर्षं औषधांच्या चाचण्यांत काम केलं आहे. 'क्लिनिकल ट्रायल' हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस खुर्ची थोडी मागे सरकवतो, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. 'म्हणजे डॉक्टर, आमच्यावर प्रयोग?' हा प्रश्न ठरलेला. या प्रश्नाला टाळून नव्हे, तर सरळ उत्तर द्यावं म्हणून आज आलो आहे.

माळेनं कावीळ उतरते का?

कावीळ हा रोग नाही, ते लक्षण आहे. रक्तातलं बिलिरुबिन वाढलं की डोळे पिवळे दिसतात. त्याला कारणं अनेक. त्यातले पाच विषाणू महत्त्वाचे: ए, बी, सी, डी आणि ई. ए आणि ई हे दूषित पाण्यातून आणि अन्नातून येतात. बी आणि सी हे रक्तातून, दूषित सुईतून, शरीरसंबंधातून, आणि आईकडून बाळाला जातात. डी हा बीच्या आधारानंच जगतो. बी नसेल तर त्याला थारा नाही.

आपल्याकडे कावीळ झाली की कुणीतरी पत्ता सांगतंच. अमुक गावी माळ घालतात. ती रोज लांब होत जाते आणि कावीळ 'उतरते'. दुसरीकडे चुन्याच्या पाण्यात हात धुतात आणि पाणी पिवळं होतं. विशिष्ट झाडाच्या सालीचा रस हाताला लावला असेल, तर चुन्याच्या पाण्यात ते निरोगी माणसाच्या हातानंही पिवळं होईल. पण मला आज माळ घालणाऱ्याची थट्टा करायची नाही. तो फसवतो असंही नाही. त्याच्याकडे गेलेली बहुतेक माणसं खरोखरच बरी होतात.

कारण ए आणि ई ची कावीळ बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. माळ घाला, उसाचा रस प्या, महागडं टॉनिक घ्या किंवा काहीच करू नका. जो आजार आपोआप बरा होतो, त्याला प्रत्येक औषध लागू पडतं. मग खरं औषध कसं ओळखायचं? चाचणीची सगळी गरज या एका प्रश्नातून निर्माण झाली आहे.

आणि 'बहुतेक' या शब्दाकडे दुर्लक्ष करू नका. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरलं आणि पुढच्या काही आठवड्यांत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. त्या वेळी ती ए प्रकारची समजली गेली. त्या साथीतले रक्ताचे नमुने जपून ठेवले होते. ते १९८० च्या सुमारास पुन्हा तपासले गेले, त्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ होते, आणि ही ए नव्हतीच असं सिद्ध झालं. पुढे तिला ई हे नाव मिळालं. ई ची कावीळ गर्भवती स्त्रीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, प्राणघातक ठरू शकते. तिला माळेसाठी गावोगाव फिरवणं म्हणजे हातातले मोलाचे दिवस घालवणं.

तुलना कुणाशी?

चाचणीची कल्पना अगदी साधी आहे. सारख्या आजाराच्या लोकांचे दोन गट करायचे. कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरनं ठरवायचं नाही, रुग्णानंही नाही. ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. का? मी ठरवलं तर नकळत बरे दिसणारे रुग्ण नव्या औषधाच्या गटात टाकीन. एका गटाला नवं औषध, दुसऱ्याला जुनं औषध. आणि जुनं औषधच नसेल तर तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. कुणाला काय मिळालं हे शक्यतो शेवटपर्यंत दोघांनाही ठाऊक नसतं.

एक उदाहरण आपल्या परसातलं देतो. भुईआवळी आपल्या सगळ्यांना माहीत आहे, गुजरातीत तिला भोंय आमली म्हणतात. काविळीवर ती पिढ्यान् पिढ्या वापरली जाते. १९८८ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी 'लॅन्सेट' या नामवंत वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध केली. हेपटायटिस बी चा विषाणू कायम अंगात असलेल्या लोकांना भुईआवळीची पूड दिली. ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली, तर बिनऔषधाच्या गटात २३ पैकी फक्त एकाची. जगभर खळबळ उडाली. आपल्या परंपरेनं बाजी मारली म्हणून मलाही आनंद वाटला होता.

पण शास्त्रात एका चाचणीवर निकाल लागत नाही. थायलंडमध्ये, न्यूझीलंडमध्ये तीच परीक्षा पुन्हा घेतली गेली आणि तो परिणाम दिसला नाही. म्हणून आज आम्ही बी च्या रुग्णाला भुईआवळी हे औषध म्हणून देत नाही. हा आयुर्वेदाचा अपमान नाही. परदेशी कंपन्यांची किती तरी औषधं याच चाळणीत खाली पडली आहेत. चाळणी सर्वांना एकच हवी, एवढाच मुद्दा.

बी ची गोष्ट

१९६० च्या दशकात अमेरिकेतले बारुक ब्लुमबर्ग जगभरच्या लोकांच्या रक्ताचे नमुने तपासत होते. ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन सापडलं. ते हेपटायटिस बी च्या विषाणूचं बाह्य आवरण निघालं. १९७६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांचा जन्मदिवस २८ जुलै, म्हणून तोच जागतिक हेपटायटिस दिन.

बी चा विषाणू अंगात राहिला तर काय होतं, हे तैवानमध्ये पामर बीझली यांनी दाखवलं. त्यांनी २२,७०७ पुरुषांवर काही वर्षं नजर ठेवली. यकृताच्या कर्करोगानं ४१ जण गेले. त्यातले ४० जण आधीपासून बी चे वाहक होते. ४१ पैकी ४०! १९८१ मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि हा विषाणू कर्करोगाचं कारण आहे याबद्दल फारशी शंका उरली नाही.

मग तैवाननं जुलै १९८४ मध्ये नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात केली, आधी वाहक मातांच्या बाळांना आणि नंतर सर्वांना. १९९७ मध्ये निकाल आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांमध्ये यकृताच्या कर्करोगाचं प्रमाण लाखामागे ०.७० होतं, ते ०.३६ वर, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. एखादी लस कर्करोग टाळते हे माणसाच्या इतिहासात पहिल्यांदाच दिसलं.

आता यातला मर्म सांगतो, आणि घरात सून किंवा लेक गरोदर असेल त्यांनी हे लक्षात ठेवावं. मोठ्या माणसाला बी चा संसर्ग झाला तर शंभरात पंच्याण्णव जण तो झटकून टाकतात. नवजात बाळाला झाला तर शंभरात सुमारे नव्वद बाळांत तो कायमचा वस्तीला येतो. म्हणून पहिला डोस जन्मानंतर चोवीस तासांच्या आत. 'बारशानंतर बघू', 'सव्वा महिना होऊ दे' हे इथे चालत नाही. आपल्या राष्ट्रीय लसीकरणात ही लस २००२-०३ मध्ये निवडक शहरांत व जिल्ह्यांत आली आणि २०११ पर्यंत देशभर पोचली. जन्माच्या डोसनंतर सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पंचगुणी लसीत ती असतेच. सरकारी केंद्रात सगळं मोफत.

आई वाहक असेल तर बाळाला लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही देतात. आईच्या रक्तात विषाणू फार असेल तर शेवटच्या तीन महिन्यांत टेनोफोविरची गोळी दिली की बाळाचा धोका आणखी कमी होतो, हेही चाचण्यांतूनच कळलं. पण त्यासाठी गरोदरपणात तपासणी झालेली हवी.

मोडासा

आपल्या गुजरातची एक गोष्ट विसरता कामा नये. २००९ च्या सुरुवातीला साबरकांठा जिल्ह्यात, मोडासा आणि आसपास, हेपटायटिस बी ची साथ आली. आज मोडासा अरवल्ली जिल्ह्यात आहे. बी ची साथ ही तशी विचित्र गोष्ट, कारण हा विषाणू पाण्यातून पसरत नाही. ४५६ रुग्ण आणि ८९ मृत्यू. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या डॉ. विद्या अरणकल्ले आणि गुजरातमधले डॉक्टर यांनी मिळून तिचा अभ्यास केला. कारण निघालं नीट निर्जंतुक न केलेल्या सिरिंज.

त्या मृतांपैकी किती जणांना ते इंजेक्शन खरोखर लागणार होतं, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो. सर्दी-तापाला सुई लागत नाही. पण आपल्याला वाटतं, सुई टोचली नाही तर डॉक्टरनं काही केलंच नाही. 'साहेब, एक इंजेक्शन मारून द्या' हे वाक्य मी गुजरातीत, मराठीत आणि हिंदीत ऐकलं आहे. माझी हात जोडून विनंती आहे, ते म्हणू नका. लागलंच तर नवीन पाकीट तुमच्या डोळ्यांसमोर फोडायला सांगा. त्यात संकोच कसला? आपण भाजीवालीला मेथीची जुडी सोडून दाखवायला सांगतोच ना.

असलेल्या रुग्णाचं काय?

लस पुढच्या पिढीसाठी. आज ज्यांच्या अंगात बी आहे त्यांना काय देता येतं? १९९८ मध्ये लॅमिव्ह्युडिन हे तोंडी औषध आलं. विषाणू कमी होतो हे रक्तात दिसत होतं, पण रुग्णाला त्याचा उपयोग काय? आशियातल्या डॉक्टरांनी यकृत आधीच बिघडलेल्या ६५१ रुग्णांवर चाचणी केली. बिनऔषधाच्या गटात १७.७ टक्के लोकांचा आजार वाढला, औषधाच्या गटात ७.८ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधीच थांबवली गेली. चाचणीवर बाहेरच्या तज्ज्ञांची नजर असते. एका गटावर अन्याय होतो आहे असं दिसलं की ते ती थांबवतात. हे फार थोड्यांना माहीत असतं.

त्याच औषधाची दुसरी बाजूही चाचण्यांनीच दाखवली. वर्षं गेली तसा बऱ्याच रुग्णांत विषाणू लॅमिव्ह्युडिनला जुमानेनासा झाला. मग एन्टेकॅव्हिर, टेनोफोविर ही औषधं आली, ज्यांना विषाणू सहसा दाद देतोच. ती बी ला मुळापासून उपटत नाहीत, पण लगाम घालतात. कित्येकांना ती वर्षानुवर्षं घ्यावी लागतात, आणि आपल्या मनानं बंद केली तर आजार उसळतो.

सी ची कथा याहून सुखद. १९८९ पर्यंत त्याला धड नावही नव्हतं, 'ए नाही, बी नाही' असं म्हणत. त्याच्या शोधासाठी हार्वी ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चं नोबेल मिळालं. याच्यावर लस आजही नाही. उपचार होता इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि रिबाव्हिरिनच्या गोळ्या. आपल्याकडच्या नेहमीच्या जातीला सहा महिने, दुसरीला वर्षभर. ताप, अंगदुखी, केस गळणं, मन खचणं. घरातलं हसतं-खेळतं माणूस भिंतीकडे तोंड करून बसलेलं मी पाहिलं आहे. सर्वांत वाईट वाटायचं थॅलेसिमियाच्या मुलांचं. वारंवार रक्त घेताना त्यांच्यातल्या काहींना सी लागलेला असे, आणि रिबाव्हिरिननं रक्तपेशी फुटून त्यांना आणखी रक्त लागायचं. इतकं सोसून दुसऱ्या जातीतले निम्मे रुग्णही बरे होत नसत.

डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुव्हिरला मान्यता मिळाली. काही जातींना बारा आठवडे, रोज गोळी, सुई नाही. त्या देशात एका गोळीची किंमत हजार डॉलर होती. पूर्ण उपचार ८४ हजार डॉलर. औषध सापडलं, पण कुणासाठी, असा प्रश्न होता. सप्टेंबर २०१४ मध्ये मूळ कंपनीनं भारतीय कंपन्यांना परवाने दिले, २०१५ पासून इथे ते त्या किमतीच्या अगदी अल्पांशात मिळू लागलं. आणि २८ जुलै २०१८ ला केंद्र सरकारनं राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्याच्या केंद्रांत बी आणि सी ची तपासणी व औषधं मोफत असतात. सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटास्व्हिर या जोडीनं शंभरातले नव्वदांहून अधिक रुग्ण बरे होतात. उपचार संपल्यावर बारा आठवड्यांनी तपासलं आणि विषाणू नसला, तर आम्ही 'बरा झालात' असं म्हणतो. माझ्या उमेदवारीच्या काळात हा शब्द वापरायची आमची छाती नव्हती.

तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात बी चे सुमारे २ कोटी ९८ लाख आणि सी चे ५५ लाख रुग्ण होते. त्यातल्या बहुतेकांना ते ठाऊकच नाही. यकृत फार सोशिक. निम्म्याहून जास्त बिघडलं तरी तक्रार करत नाही.

आता त्या प्रश्नाकडे

'आमच्यावर प्रयोग?' बडोद्यात हा प्रश्न विचारायला कारण आहे, ते मी झाकून ठेवणार नाही. २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि आपल्या वडोदरा जिल्ह्यात, डभोई, शिनोर आणि कवांट भागांत, दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. दोन्हीकडे मिळून वीस हजारांहून अधिक मुली होत्या. त्यांतल्या सात मुलींचा मृत्यू झाल्याचं पुढे आलं, आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. चौकशी समितीनं सांगितलं की मृत्यूंचा लशीशी संबंध बहुधा नाही. पण तिनं आणि पुढे २०१३ मध्ये संसदीय समितीनं संमती घेण्याच्या पद्धतीवर बोट ठेवलं. आंध्रात आई-वडिलांऐवजी वसतिगृहाच्या गृहपालांनी सह्या केल्या होत्या.

लस निर्दोष असली म्हणून संमतीतली चूक माफ होत नाही. गरीब आई-बापांच्या मुलीलाही 'का' हे विचारणारा पालक असतो आणि त्याला उत्तर मिळायलाच हवं. माझ्या व्यवसायातल्या सर्वांनी हे पाटीवर लिहून ठेवावं.

पण गोष्टीचा दुसरा भागही ऐका. त्याच काळात अहमदाबाद, पुणे, बार्शी, ऐझॉल अशा ठिकाणी याच लशीची एक वेगळी, मोठी चाचणी चालू होती. वरच्या वादामुळे सरकारनं तिचंही लसीकरण थांबवलं. सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला, पुढचे राहून गेले. संशोधकांनी या मुलींना वाऱ्यावर सोडलं नाही. दहा वर्षं त्यांची तपासणी चालू ठेवली आणि २०२१ मध्ये दिसलं की एका डोसनंही दोन-तीन डोसांइतकंच संरक्षण मिळतं. एक डोस पुरतो असं २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं, त्यात या पुराव्याचा मोठा वाटा होता. बार्शीजवळच्या खेड्यातल्या मुलींमुळे जगभरच्या मुलींची एक-एक, दोन-दोन टोचणी वाचली.

पुण्याजवळच्या वढू गावचंही असंच. तिथे, दिल्लीत आणि वेल्लोरला मिळून सुमारे ६,८०० बाळांवर रोटाव्हायरसच्या भारतीय लशीची चाचणी झाली. जुलाबानं बाळं दगावतात, त्यावरची ही लस. मूळ विषाणू दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांत सापडलेला. पहिल्या वर्षी गंभीर आजार निम्म्याहून जास्त कमी झाला. २०१६ पासून ती सरकारी लसीकरणात आली. वढूच्या आयांनी 'हो' म्हटलं नसतं तर?

कावीळ ए च्या लशीचं तसंच. अमेरिकेतल्या एका छोट्या वस्तीत १,०३७ मुलांवर चाचणी झाली. अर्ध्या मुलांना लस, अर्ध्यांना बिनलशीचं इंजेक्शन. पन्नास दिवसांनंतर बिनलशीच्या गटात २५ मुलं आजारी, लशीच्या गटात एकही नाही. लगेच उरलेल्यांनाही लस दिली गेली.

प्रयोग हा शब्द बडोद्याला परका वाटू नये. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी सक्तीचं मोफत शिक्षण एका दिवसात सगळ्या संस्थानावर लादलं नाही. १८९३ मध्ये अमरेली भागातल्या काही गावांत करून पाहिलं, अडचणी समजून घेतल्या, आणि १९०६ मध्ये संस्थानभर नेलं. आधी थोड्या जागी, नीट लक्ष ठेवून, मग सर्वांना. चाचणी म्हणजे याहून वेगळं काही नाही.

आता नियम बरेच कडक आहेत. जून २००९ पासून प्रत्येक चाचणीची सार्वजनिक नोंद आधी करावी लागते. २०१९ च्या नियमांत चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. प्रत्येक चाचणी नीतिसमितीपुढे जाते आणि त्या समितीत डॉक्टर नसलेली माणसंही असावी लागतात. तरी नियम कागदावर असतात, ते जिवंत ठेवतो प्रश्न विचारणारा माणूस. म्हणून तुम्हाला कुणी चाचणीबद्दल विचारलं तर पाच प्रश्न विचारा. हे कशासाठी? मला न घेता काय उपचार मिळेल? त्रास काय होऊ शकतो? झाला तर खर्च कोण करणार? आणि मधेच नको म्हटलं तर चालेल का? शेवटच्याचं उत्तर 'हो' हेच असलं पाहिजे, आणि तुमचा नेहमीचा उपचार त्यामुळे बंद होता कामा नये. उत्तरं मराठीत किंवा गुजरातीत मागा. समाधान झालं नाही तर नाही म्हणा. सही करायची घाई कुणी केली तर नक्की नाही म्हणा.

घरचा विषय

शेवटी थोडं नाजूक बोलतो. आपल्याच समाजातला एक तरुण. नोकरीच्या तपासणीत बी सापडला. घरच्यांनी रिपोर्ट कपाटात ठेवला, कारण लग्न जमत होतं. कुणी विचारू नये म्हणून उपचारही नाहीत. नऊ वर्षांनी तो माझ्याकडे आला तेव्हा यकृतात मोठी गाठ होती. बायको आणि लहान मुलगा बाहेरच्या बाकावर बसले होते. त्या दोघांना लस कधीच दिली गेली नव्हती. सुदैवानं दोघांचे रिपोर्ट चांगले आले. तो मात्र सहा महिन्यांत गेला.

त्याला विषाणूनं मारलं, असं मी म्हणू शकत नाही. त्याला कपाटानं मारलं. बी असलेल्या माणसाचं लग्न होऊ शकतं. जोडीदाराची तपासणी करायची, गरज असेल तर लशीचे तीन डोस द्यायचे: आज, एका महिन्यानं, सहाव्या महिन्यात. एका ताटात जेवून, मिठी मारून, एका घरात राहून हा आजार पसरत नाही. वस्तरा आणि दात घासायचा ब्रश तेवढा वेगळा ठेवायचा. पत्रिका जुळवताना हा रिपोर्टही उघडपणे समोर ठेवता आला पाहिजे, आणि तो पाहून समोरच्यानं तोंड फिरवू नये, एवढी समजूत आपल्या समाजानं दाखवली पाहिजे.

म्हणून मंडळाला माझी एक सूचना आहे. आपण दर वर्षी रक्तदान शिबिर घेतो. पुढच्या वर्षी त्याच्या शेजारी आणखी एक टेबल लावू या, बी आणि सी च्या तपासणीचं. सरकारी कार्यक्रमातल्या डॉक्टरांना बोलावता येईल. पहिला हात मी पुढे करतो, दुसरा अध्यक्षांचा असावा, म्हणजे रांगेत उभं राहायला कुणाला लाज वाटणार नाही. रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात, बंद पाकिटात. आणि ज्याचा पॉझिटिव्ह येईल त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी कुजबुज नाही, तर केंद्रापर्यंत सोबत जाणारा एक कार्यकर्ता पोचेल, ही जबाबदारी मंडळाची.

प्रसादाचं पाणी उकळलेलं आहे ना, एवढं जाता जाता पाहून घ्या. दिवस पावसाचे आहेत.  गणपती बाप्पा मोरया!